गुप्तांगावरील चामखीळ आणि चुन्याचा जीवघेणा सल्ला

गुप्तांगावर चामखीळ येणे हा जोडीदाराच्या बाहेरख्यालीपणाचा पुरावा आहे, तिचा पुढे कर्करोग होतो आणि चुन्यात धुण्याचा सोडा कालवून लावल्यास ती मुळासकट गळून पडते, असा एक संदेश सध्या सोलापुरात मोबाइलवरून फिरत आहे. यातले एकही विधान टिकत नाही आणि शेवटचे तर अंगावर बेतणारे आहे.

म्हणून आधी तेच घेऊ. ओला चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र आले, की कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा तयार होतो. सूत रंगवण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना त्याचा थेंब हातावर पडला तर काय होते, हे सांगायला नको. गुप्तांगाची त्वचा तर त्याहून कितीतरी नाजूक असते. चामखिळीबरोबर भोवतीची निरोगी कातडीही जळते, जखम चिघळते आणि चामखीळ आणणारा विषाणू मात्र आजूबाजूच्या त्वचेत तसाच राहतो. डॉक्टर पोडोफायलिन हे चामखिळीवरचे औषध लावतात तेव्हा भोवतीच्या त्वचेला आधी व्हॅसलिन लावून घेतात आणि काही तासांनी औषध धुवायला सांगतात. गरोदरपणात ते वापरतच नाहीत. घरी लावण्याचे इमिक्विमोड मलम, द्रव नायट्रोजनने गोठवणे, विजेने जाळणे हेही उपाय आहेत. उपचारानंतर, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, चामखीळ पुन्हा उगवू शकते. तेवढ्याने उपचार फसला असे समजू नये. सिफिलिस या लैंगिक आजारातही अशाच दिसणाऱ्या गाठी येतात, त्यामुळे रक्ततपासणी टाळू नये.

कर्करोगाची भीतीही अनाठायी आहे. सुमारे 90 टक्के चामखिळी लैंगिक संपर्कातून पसरणाऱ्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतात, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे प्रामुख्याने 16 आणि 18 हे प्रकार असतात. एकाच व्यक्तीला दोन्हींची लागण होऊ शकते, म्हणून स्त्रियांनी वयानुसार गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करून घ्यावीच.

बाहेरख्यालीपणाच्या आरोपाने संसार मोडतात, हे फार क्लेशदायक आहे. लागण झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे, महिने, क्वचित वर्षेही जातात. ती कोणाकडून आणि केव्हा आली, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही.

कंडोमने धोका कमी होतो, पण न झाकलेल्या त्वचेतून लागण होऊ शकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांपासून संरक्षण देते. मात्र आलेली चामखीळ लसीने जात नाही, त्यामुळे लस लैंगिक संबंध सुरू होण्यापूर्वीच्या वयात घेतलेली उत्तम. चामखीळ आलेली असेल, तर सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’ या लैंगिक आजारांच्या दवाखान्यात गोपनीयता पाळून मोफत तपासणी होते. तेथे जोडीदारालाही सोबत न्यावे.