आधी मांडी घालायची

गेल्या आठवड्यात एका वर्गमित्राचा मेसेज आला. मुलाचा तिसरा वाढदिवस जवळ आलाय, सरप्राइज म्हणून कुत्र्याचं पिल्लू आणायचंय. "पॉम घेऊ की शित्झू? पोरगं लहान आहे म्हणून लहानच जात बघतोय. तुझ्याकडे आहे ना, सांग." मी दोनदा उत्तर लिहायला घेतलं, दोनदा पुसलं. दोन ओळींत सांगण्यासारखं नाही हे. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. वर्षभरात पाच-सहा जणांनी मला हेच विचारलंय आणि प्रत्येकाच्या बोलण्यात तेच गणित असतं, मूल लहान म्हणून कुत्रंही लहान.

हे गणित चुकीचं आहे. आम्हीही तेच मांडलं होतं.

लाही, आमची कुत्री, घरी आली तेव्हा माझी मुलगी मुक्ता साडेतीन वर्षांची होती. पांढरीशुभ्र आणि फुललेली, म्हणून सासूबाईंनी नाव ठेवलं लाही. दिवाळीच्या फराळाला काढतो त्या वजनकाट्यावर स्टीलचा डबा ठेवला, त्यात तिला बसवलं. डब्याचं वजन वजा जाता ७२० ग्रॅम. मुक्ता तेव्हा १४ किलोची, म्हणजे लाहीच्या जवळजवळ वीसपट. तो आकडा बघून मी हसले होते. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

विकणारा म्हणाला होता, "४५ दिवसांचं आहे ताई, टीकप साइज." हे ४५ दिवस आपल्याकडे सगळीकडे ऐकू येतात, जणू तोच नियम. नियम वेगळा आहे. केंद्र सरकारच्या २०१७च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. मधल्या अकरा दिवसांनी काय फरक पडतो, असं मलाही वाटलं होतं. फार पडतो. चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांशी दंगा करतानाच शिकतं. जास्त जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ थांबतो, आणि तो धडा त्याच्या जबड्याला कायमचा लक्षात राहतो. तो धडा अर्धवट सोडून आलेलं पिल्लू आपण तीन वर्षांच्या मुलाच्या हातात देतो. आणि टीकप नावाची कुठलीही मान्य जात नाही. अगदीच किरकोळ, बऱ्याचदा अशक्त निघालेल्या पिल्लाला दिलेलं ते विक्रीचं नाव आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाही उठेना. मान टाकलेली, उभं केलं की झोकांड्या. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, हिरड्यांना मध चोळा आणि तसंच घेऊन या. रक्तातली साखर उतरली होती. एवढ्याशा जिवाच्या अंगात साखरेचा साठा फारच थोडा असतो. पोट काही तास रिकामं राहिलं, थंडी वाजली किंवा दमणूक झाली की असं होतं. आमच्याकडे दमणूक झाली होती. या वयाचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. आमचं आदल्या रात्री दहापर्यंत जागं होतं, कारण मुक्ता त्याला झोपू देत नव्हती आणि आम्ही कौतुकानं व्हिडिओ काढत होतो. त्या दिवसापासून चार वेळा खाणं सुरू केलं. तिच्या पिंजऱ्यावर सासूबाईंच्या जुन्या साडीचा पडदा टाकला. पडदा खाली असला की लाही झोपलीय, हात लावायचा नाही. मुक्ताला हा नियम एका दिवसात कळला. मोठ्यांना, विशेषतः पाहुण्यांना, कळायला जास्त वेळ लागला.

आता जे लिहायला जड जातंय ते लिहिते.

लाही तीन महिन्यांची होती. सकाळची वेळ, मी भाकरी थापत होते, नवरा अंघोळीला. मुक्तानं लाहीला पुढच्या दोन पायांखाली धरून दिवाणावर चढवलं, शेजारी झोपायला. लाहीनं तिथून उडी मारली. दिवाणाची उंची दीड फूट. मी तो आवाज ऐकला, एकच, तीक्ष्ण. धावत आले तर ती पुढचा उजवा पाय वर धरून बसली होती आणि अंगभर थरथरत होती.

पहिल्या ठिकाणी एक्स-रे न काढताच पट्टी आवळून बांधली. दोन दिवसांत पंजा सुजला. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. मनगटाच्या जरा वर दोन्ही हाडं आरपार मोडलेली. ते म्हणाले, "ही हाडं पेन्सिलीपेक्षा बारीक असतात. या जागी मांस जवळजवळ नसतं आणि रक्तपुरवठाही कमी. त्यामुळे जुळायला वेळ लागतो, नुसत्या पट्टीनं कधीकधी जुळतही नाही." पॉम, चिवावा, टॉय पूडल, मिनी पिन्शर, या सगळ्यांत सोफ्यावरून किंवा कुणाच्या तरी हातातून पडून नेमकं हेच हाड मोडतं, हे मला तेव्हा कळलं. पिल्लू घेण्याआधी कळायला हवं होतं, आणि ते विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं. सांगलीहून पुण्याला नेऊन छोटी प्लेट बसवून घेतली. नंतर सहा आठवडे पिंजऱ्यात.

पण ही गोष्ट फक्त लाहीच्या पायाची नाही. शेजारच्या एक बाई बघायला आल्या आणि मुक्ताला म्हणाल्या, "बघ, तू पाय मोडलास तिचा." त्या रात्री मुक्ता जेवली नाही. फ्रॉकच्या बाहीत हात ओढून घेऊन बसून राहिली. झोपताना अंधारात विचारलं, "आई, माझ्यामुळे झालं का?"

मी तिला सांगितलं, नाही. लक्ष ठेवायचं काम माझं होतं. हे मी तिची समजूत घालायला बोलले नाही, मला मनापासून तसंच वाटतं. "हा तुझा कुत्रा, आता तू सांभाळायचास" असं आपण चार वर्षांच्या मुलाला लाडानं म्हणतो, आणि काही बिघडलं की त्यालाच बोल लावतो. त्या वयाच्या मुलाला स्वतःच्या हाताची ताकद कळत नाही. दूध न सांडता पेला धरता येत नाही त्याला. त्याच्यावर एका जिवाची जबाबदारी टाकणं मुलावरही अन्याय आहे आणि पिल्लावरही. पिल्लू घरात आलं की ते मोठ्यांचं. मूल फक्त त्याचं सवंगडी, तेही मोठं माणूस हाताच्या अंतरावर असताना.

उपाय सासूबाईंनी काढला. त्या खेड्यात वाढलेल्या, घरात पिल्लू वगैरे त्यांना फारसं पसंत नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "बाळंतिणीचं बाळ बघायला पोरं आली तर आपण उभ्याउभ्या हातात देतो का गं? आधी हात धू म्हणतो, भिंतीला टेकून मांडी घालून बसवतो, मग मांडीवर ठेवतो. आणि वर आपण बसतोच जवळ. मग हिला का उचलू देताय?"

इतकी साधी गोष्ट. मी इंटरनेटवर रात्र-रात्र वाचत होते आणि आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली ही रीत माझ्या डोक्यात आली नव्हती.

माळ्यावरून जुनी पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी काढली. नियम ठरला, भेट फक्त सतरंजीवर. आधी मांडी घालायची. लाहीला उचलायचं नाही, ती आपणहून येईल. आली तर छातीवर, मानेच्या बाजूला हात फिरवायचा, डोक्यावर थापटायचं नाही. निघून गेली तर मागे जायचं नाही. या शेवटच्या नियमाला महिना लागला. मुक्ता रडायची, "ती माझ्याशी खेळत नाही." मी म्हणायचे, तुला आजीनं मुका घेतलेला कधीकधी नको असतो ना? तू मान फिरवतेस. ती पण तसंच करते.

आणि खरंच, मान फिरवणं हीच पहिली खूण असते. मग ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं. या सगळ्याकडे दुर्लक्ष झालं तर गुरगुरणं, आणि त्याकडेही झालं तर चावणं. एका समारंभाला आलेल्या नातेवाइकांनी लाही गुरगुरली म्हणून तिला चापट मारली, "लेकराच्या अंगावर जाते" म्हणून. मी त्यांना सगळ्यांसमोर थांबवलं, वाईटपणा घेतला. गुरगुरल्यावर मार बसला की कुत्रं गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही. पुढच्या वेळी ते न सांगता चावतं. मुलांना होणारे बरेच चावे अनोळखी कुत्र्याचे नसतात, ओळखीच्या कुत्र्याचे असतात, आणि लहान मुलांना ते बहुतेक चेहऱ्यावर आणि मानेवर होतात, कारण मुलाचं तोंडच कुत्र्याच्या तोंडाजवळ असतं. तीन किलोच्या कुत्र्याचा दातही डोळ्याजवळ लागला तर तीन किलोचा राहत नाही.

दुधाच्या दातांच्या दिवसांत पिल्लं कुरतडतातच. मुक्ताला आम्ही त्यावर स्टॅच्यू शिकवला. लाहीनं पायाला तोंड लावलं की पळायचं नाही, ओरडायचं नाही, स्टॅच्यू. पळणारं मूल म्हणजे पिल्लाला खेळाचं आमंत्रण. स्थिर उभं राहिलं की चार-पाच सेकंदांत त्याचा रस संपतो. हा खेळ मुक्ताला आधीच येत होता.

त्याच काळात एकदा मुक्ताच्या मनगटावर दात घासला. रक्त नाही, नुसता ओरखडा. लाहीची रेबीजची लस व्हायची होती, ती साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात. घरात सगळे म्हणाले, घरचंच पिल्लू आहे, काय होतंय. मी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुतला आणि सरकारी दवाखान्यात नेलं. लाहीच्या आईला लस दिली होती का, हे आम्हाला कुठे माहीत होतं? तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, तीही मोफत. रक्त आलं असतं तर लसीबरोबर सीरमही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, लागलं असतं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की जवळपास कुणीच वाचत नाही. तिथे "घरचंच आहे" हे उत्तर चालत नाही. कृपा करून हे घरातल्या सगळ्यांना सांगा. जंताच्या औषधाचंही तसंच, पिल्लाला सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, कारण त्याचे जंत मुलाच्या पोटात जाऊ शकतात.

आणि बेदाणे. आमच्या भागात हे जरा जास्तच लिहायला हवं. तासगावचे नातेवाईक दर हंगामात पाच किलोची पेटी पाठवतात. प्रत्येक बरणीत, शिऱ्यात, मुलांच्या खाऊच्या डबीत बेदाणे. एकदा मुक्ता सतरंजीवर बसून "एक मला, एक लाहीला" करत होती. पहिलाच दाणा होता, मी लाहीच्या तोंडात बोट घालून काढला. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे होईल ते सांगता येत नाही. त्यातलं टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावं असं आता मानतात. ते चिंचेतही असतं, म्हणजे आमटीभातही गेला. मुलांचं तापाचं पॅरासिटॅमॉलचं सिरप, चॉकलेट, कांदा-लसूण, शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल, ही सगळी विषंच. मोठ्या कुत्र्याला एखादा दाणा कदाचित पचेल. एक किलोच्या पिल्लाला तीच मात्रा भारी पडते. लहान मुलाच्या हातून खाऊ सांडणार, हे धरूनच चालावं लागतं. आमच्याकडे खाऊ आता टेबलावर बसूनच, आणि उठायच्या आधी खाली झाडू.

आता माझ्या मित्राला उत्तर. मूल पाच वर्षांच्या आत असेल तर टॉय, म्हणजे अगदी लहान चणीच्या, जातीचं पिल्लू घेऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. शित्झू अंगानं जरा दणकट, पण चपट्या नाकामुळे मार्च-एप्रिलचं ऊन त्याला सोसत नाही आणि त्याच्या बाहेर आलेल्या डोळ्यांना मुलाचं बोट सहज इजा करू शकतं. डॅशहाउंडची पाठ लांब, कुणीही काखेत धरून लोंबकळत उचललं की मणक्यावर ताण येतो. घ्यायचंच असेल तर मोठं झालेलं, स्वभाव माहीत असलेलं, मुलांत वावरलेलं कुत्रं घे. आपलं गावठी असेल तर फारच छान. पंधरा-अठरा किलोचं शांत कुत्रं मुलाचा धक्का सहन करतं, नको असेल तेव्हा उठून दुसऱ्या खोलीत जातं. आणि सरप्राइज तर अजिबात नको. वाढदिवसाच्या गोंगाटात, फुगे फुटत असताना, वीस मुलांच्या हातांतून फिरणाऱ्या त्या जिवाचं काय होत असेल, मला विचारही करवत नाही.

लाही आता दीड वर्षाची आहे, २ किलो ८०० ग्रॅम. त्या पायावर थंडीत थोडी लंगडते. मुक्ता पाच वर्षांची झाली. दोघी एकमेकींच्या आहेत, हे मला रोज दिसतं, आणि म्हणूनच कुणाला "घेऊच नका" असं सांगत नाही.

मित्राला मी घरी बोलावलंय, मुलाला घेऊन, लागोपाठ तीन रविवार. विकत घ्यायच्या आधी त्याच्या पोरानं एका खऱ्या कुत्र्यासमोर नुसतं बसून बघावं. तो येतो म्हणालाय. सतरंजी काल धुऊन वाळत घातलीय.