‘मोती मिरवणाऱ्या मुली’ म्हणण्याआधी मिसिसिपीचा इतिहास वाचा

कमला हॅरिस यांचा मोत्यांच्या माळेतला फोटो आणि खाली चार ओळी, असा मजकूर समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हॅरिस ज्या ‘अल्फा कॅपा अल्फा’ या सोरोरिटीच्या सदस्य आहेत, तो श्रीमंत मुलींचा पार्टी क्लब आहे, गोऱ्या मुलींची नक्कल म्हणून तो निघाला, काळ्यांसाठीच असल्यानं तो स्वतःच वर्णभेदी आहे, आणि त्यातून ही गुप्त टोळी. सोरोरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेली विद्यार्थिनींची संघटना, जिचं सदस्यत्व कॉलेज सुटल्यावरही आयुष्यभर राहतं. चारही आरोप एका दमात पुढे ढकलले जातात, म्हणून एकेक घेऊन उत्तर देणं गरजेचं वाटलं.

आधी नक्कल. ग्रीक अक्षरं, बॅज, ठरलेले रंग हा साचा गोऱ्यांच्या कॉलेजांतूनच आला, हे खरं आहे. पण तिथल्या सोरोरिटींची दारं काळ्या मुलींना बंद होती, हे मजकुरात कुठेच नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 15 जानेवारी 1908 रोजी एथेल हेजमन आणि तिच्या मैत्रिणींनी ही संघटना उभी केली, तेव्हा अमेरिकेतली गुलामगिरी कायद्यानं संपून अवघी 42 वर्षं झाली होती. काळ्या मुलीनं पदवीपर्यंत पोचणं हीच तेव्हा अपूर्वाई होती. नक्कल करणाऱ्यांना मान्यता हवी असते. या मुलींचा बाणा वेगळा होता. मार्च 1913 मध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठा मोर्चा निघणार होता आणि काळ्या स्त्रियांना मागे ठेवण्याच्या हालचाली चालल्या होत्या. संघटनेच्या अध्यक्ष नेली क्वांडर यांनी आयोजक अ‍ॅलिस पॉल यांना पत्र लिहून कळवलं, की वंशावरून भेदभाव होणार असेल तर आम्हाला मोर्च्यात यायचंच नाही. कॉलेजच्या स्त्रियांच्या तुकडीत आम्हाला मानाची जागा द्या.

आता ‘पार्टी क्लब’. हा शब्द वाचून मला खरोखर संताप येतो, कारण 1935 चा उन्हाळा या बायकांनी कुठे घालवला ते नोंदलेलं आहे. संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्ष आयडा जॅक्सन कॅलिफोर्नियात शिक्षिका होत्या, पण जन्मानं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातल्या. तिथल्या कापसाच्या मळ्यांवर वाट्यानं शेती कसणाऱ्या काळ्या कुटुंबांचे हाल त्यांना ठाऊक होते. त्यांनी आरोग्य मोहीम काढायची ठरवली आणि नेतृत्व वॉशिंग्टनच्या डॉ. डोरोथी फेरेबी यांच्याकडे दिलं. डॉक्टर, नर्सा, शिक्षिका अशा सदस्य स्वतःच्या मोटारी घेऊन निघाल्या आणि वर्णभेदी दक्षिणेतून वाट काढत तिथल्या होम्स काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पोचल्या.

दवाखाना मांडला, तर मळेमालक मजुरांना तिथे येऊ देईनात. मजूर एकत्र जमले, बाहेरच्या शिकलेल्या काळ्या बायकांशी बोलले, तर काय होईल याची त्यांना धास्ती. मग या बायकांनी दवाखानाच मोटारींत भरला आणि मळ्यामळ्यावर नेला. कमरेला बंदूक आणि बुटात चाबूक खोचलेले मालकाचे घोडेस्वार शेजारी उभे राहून बोलणं ऐकत असत, असं फेरेबींनी पुढे सांगितलं आहे. त्या पहाऱ्यात मुलांना घटसर्पाची आणि देवीची लस टोचली जात होती. त्यातल्या कित्येकांनी त्याआधी डॉक्टर पाहिलेलाच नव्हता. सरकारी योजना नाही, पगार नाही, सुट्टीतला वेळ आणि पदरचं पेट्रोल. पुढच्या वर्षी मोहीम बोलिव्हर काउंटीत गेली आणि 1942 पर्यंत उन्हाळ्यांमागून उन्हाळे हे काम चाललं. हजारो लोकांना लस आणि तपासणी मिळाली. ज्यांना हा पार्टी क्लब वाटतो, त्यांनी असा एक उन्हाळा काढून दाखवावा.

सदस्यत्वाला पैसे लागतात आणि ते सगळ्यांना परवडत नाहीत, ही टीका मात्र रास्त आहे. तशी ती काळ्या समाजातूनही होत आली आहे. पण फी घेणं आणि चैनीसाठी जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वर्णभेदाचा आरोप दोन ओळींत निकालात निघतो. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट या संघटनेच्या मानद सदस्य होत्या. त्या गोऱ्या होत्या, हे वेगळं सांगायला नको. बाहेर ठेवलेल्यांनी स्वतःचं घर बांधलं तर त्याला वर्णभेद म्हणत नाहीत.

राहिली ‘गुप्त टोळी’. दीक्षाविधी गुप्त असतो, हे कबूल. पण खुणांचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. सॅल्मन पिंक आणि ॲपल ग्रीन हे रंग, आयव्हीचं पान हे चिन्ह. मोती 20, कारण संस्थापक 20 मानल्या जातात: पहिल्या नऊजणी, लगेच आलेल्या सातजणी आणि 1913 मध्ये संघटनेची कायदेशीर नोंदणी करून ती टिकवणाऱ्या चौघी. त्या सातजणींतल्या नॉर्मा बॉइड यांनी 1938 मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे नागरी हक्कांची बाजू मांडणारी लॉबी उघडपणे सुरू केली. टोळ्या खासदारांच्या दारात स्वतःचं नाव सांगून उभ्या राहत नाहीत.

गुप्ततेवर टीका करायचीच असेल तर ती नव्या मुलींच्या छळावर करावी, ज्याला आपण रॅगिंग म्हणतो. काळ्यांच्या ग्रीक-अक्षरी संघटनांनी मिळून 1990 मध्ये प्रवेशाआधीची जुनी ‘प्लेजिंग’ची, म्हणजे नव्या मुलींना उमेदवार म्हणून पारखण्याची, पद्धत बंद केली, तरी चोरून छळ होत राहिला आणि प्रकरणं कोर्टापर्यंत गेली. या एका बाबतीत संघटनेला कितीही कठोर प्रश्न विचारावेत, मी विचारणाऱ्यांच्या बाजूनं उभी राहीन. फिरणाऱ्या त्या मजकुरात मात्र याबद्दल एक अक्षर नाही.