लोकसंख्या घटली, गर्दी नव्हे

मुंबईच्या घटलेल्या लोकसंख्येवरील लेख वाचला. मुंबई शहर जिल्ह्याची (उपनगरे वगळून) लोकसंख्या २००१ मधील सुमारे ३३.४ लाखांवरून २०११ मध्ये ३०.९ लाखांवर आली, हा लेखातील आकडा बरोबर आहे. मात्र ‘त्यामुळे गर्दी ओसरली’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. जनगणना माणूस राहतो तेथे मोजते, आणि परळ-लालबागची माणसे राहण्यापुरती उपनगरांत, ठाण्यात किंवा थेट बदलापुरात गेली असली, तरी त्यांतील बरीचशी सकाळच्या लोकलने कामासाठी पुन्हा याच जिल्ह्यात उतरतात.

लेखात १८९६ च्या प्लेगबद्दल सविस्तर लिहिले आहे, ते उत्तमच. पण १९८२ च्या कापड गिरणी कामगारांच्या संपाचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकते. आमच्या नात्यातील एक कुटुंब गिरणगावातील, म्हणजे परळ-लालबागच्या गिरणी वस्तीतील, चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहत असे. रात्री मोरीपर्यंत अंथरुणे पडत आणि थोरला मुलगा गॅलरीत झोपे. संपानंतर पगार थांबला, मुलांचे संसार त्या खोलीत मावेनात, आणि दोघे भाऊ डोंबिवलीला गेले. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, पण त्यांतील घरे या कुटुंबांच्या आवाक्यातील नव्हतीच. घटलेल्या लाखांमध्ये अशी किती कुटुंबे असतील, याचा विचार लेखात यायला हवा होता.