जबानी देणाऱ्यांचा इतिहास

इतिहास मोठी माणसे घडवतात आणि सामान्य माणसे त्यांच्या मागून चालतात, ही समजूत आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की तिच्याविरुद्धचे ढळढळीत पुरावेही आपल्या नजरेतून सुटतात. माझे मत नेमके उलट आहे. अनेक मोठ्या लढ्यांत सामान्य माणसांनी पहिले पाऊल टाकले, सर्वांत मोठी जोखीम त्यांनीच पत्करली आणि नेता तिथे पोहोचला तो त्यांनी धरलेल्या हट्टामुळे.

चंपारणचेच पाहा. बिहारच्या या जिल्ह्यात तिनकठिया पद्धतीने कुळांना दर २० कठ्ठ्यांमागे ३ कठ्ठे जमिनीवर सक्तीने नीळ पिकवावी लागे. पुढे जर्मनीतील कृत्रिम निळीमुळे नैसर्गिक निळीचा भाव कोसळला, तेव्हा गोऱ्या मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांच्या माथी मारला; निळीच्या सक्तीतून सोडवण्याची किंमत म्हणून त्यांनी खंड वाढवला किंवा एकरकमी पैसे उकळले. याविरुद्ध दाद मागणारे राजकुमार शुक्ल हे तिथलेच एक शेतकरी. डिसेंबर १९१६ च्या लखनौ काँग्रेसमध्ये त्यांनी गांधीजींना गाठले, तेव्हा चंपारण नकाशावर कुठे आहे हेही गांधीजींना ठाऊक नव्हते. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आपण काही बोलणार नाही, असे गांधीजींनी सांगितले. शुक्ल त्यानंतर कानपूरला गेले, अहमदाबादच्या आश्रमात गेले, शेवटी कलकत्त्याला जाऊन थांबले आणि एप्रिल १९१७ मध्ये गांधीजींना सोबत घेऊनच बिहारला परतले.

तरीही या प्रकरणातला सर्वांत विलक्षण भाग मला पुढचा वाटतो. गांधीजींच्या सहकारी वकिलांनी शेतकऱ्यांच्या जबान्या नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा तिथे गुप्त पोलीस खात्याचा अधिकारी बसलेला असे. त्याच्यादेखत शेतकरी आपली तक्रार लिहून देत होता. वकील त्याची उलटतपासणी घेत आणि जी जबानी टिकत नसे ती बाजूला ठेवत. काम आटोपले की हा माणूस त्याच गावात, त्याच मळेवाल्याच्या अमलाखाली राहायला परत जाई. गांधीजी चंपारण सोडून जाऊ शकत होते. त्याला जायला दुसरी जागा नव्हती. अशा जबान्या हजारो शेतकऱ्यांनी दिल्या. पुढे सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, गांधीजी तिचे सदस्य झाले आणि १९१८ च्या कायद्याने तिनकठिया रद्द झाली. त्या जबान्या हाताशी नसत्या, तर समितीपुढे गांधीजींच्या शब्दाला कशाचा आधार राहिला असता?

यावर कोणी म्हणेल की गांधीजी आले नसते, तर हे शेतकरी पूर्वीसारखेच दडपले गेले असते. हा आक्षेप मला मान्य आहे. निळीविरुद्ध चंपारणमध्ये त्याआधीही उठाव झाले होते आणि ते मोडून काढले गेले होते. विखुरलेल्या तक्रारींना एका जागी आणणे आणि त्या सत्तेला टाळता येणार नाहीत अशा रीतीने मांडणे, हे नेत्याचे काम आहे आणि ते मोठेच आहे. पण ज्या धैर्याच्या बळावर हे काम उभे राहिले, ते धैर्य नेत्याने बाहेरून आणलेले नव्हते.

अमेरिकेतील माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची गोष्टही आपण अशीच एक-दोन नावांवर संपवतो. बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेला १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली, त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने महाविद्यालयातील यंत्रावर बहिष्काराची हजारो पत्रके छापून काढली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे नेतृत्व आले ते त्यानंतर. जॉर्जिया गिलमोर स्वयंपाकाचे काम करत. बहिष्कारावरून किंग यांच्यावर झालेल्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. पण खाद्यपदार्थ विकून लढ्यासाठी पैसे उभे करण्याचे काम त्यांनी चालूच ठेवले. त्यांच्या गटातील बायका हे पैसे कुणाचेही नाव न सांगता देत, कारण नाव कळले असते तर त्यांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या. असा हा बहिष्कार ३८१ दिवस चालला. भाषण एका संध्याकाळी होते. पण रोज पहाटे उठून कामावर पायी जायचे की नाही, हा निर्णय प्रत्येकाला रोज नव्याने घ्यावा लागत होता.

सामान्य माणसांचे हे कौतुक करताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. माँटगोमेरीत वर्णभेद टिकवून धरणारेही सामान्यच होते. जागेवरून उठायला सांगणारा बसचालक, अटक करणारा शिपाई, बहिष्काराच्या काळात वर्णभेदवादी संघटनेचे सभासद होणारे गोरे नागरिक, यांपैकी बहुतेकांची नावे आज कुणाला आठवत नाहीत. अन्यायाचा हिशेब करताना ‘आम्ही फक्त हुकूम पाळत होतो’ ही सबब आपण ऐकून घेत नाही आणि ते योग्यच आहे, कारण त्या माणसांना वेगळे वागता आले असते असे आपण धरून चालतो. मग ज्यांनी खरोखरच वेगळे वागून दाखवले, त्यांना नुसती ‘गर्दी’ म्हणून इतिहासात एका ओळीत संपवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?