पाटीवरचं ‘यी’

बँकवाल्याच्या मुलीने लंडनहून फोटो पाठवला: फ्लीट स्ट्रीटवरचा ‘यी ओल्ड चेशर चीज’, १६६६ च्या आगीनंतर पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिलेला पब. “यी म्हणजे तुम्ही,” बँकवाल्याने सांगून टाकलं.

“इथे नाही,” मास्तर म्हणाले. “इथे तो ‘द’ (the) आहे. ‘Ye’ मधलं पहिलं अक्षर वाय नव्हेच.”

“डोळ्यांना वाय दिसतोय की, मास्तर!” वकील.

मास्तरांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर उभी काठी काढली, तिच्या उजव्या अंगाला मधोमध पोट. हे थॉर्न, रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतून इंग्रजीत आलेलं अक्षर. उच्चार ‘द’ किंवा ‘थ’. हाताने लिहिता लिहिता पोट वरून उघडं पडलं आणि ते वायसारखं दिसू लागलं. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन, त्याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईचे खिळे यायचे युरोप खंडातून, त्यांत थॉर्न सहसा नसायचं. मग जुळाऱ्यांनी वाय लावला, डोक्यावर बारीक ई. वाचणारा मात्र ‘द’च वाचायचा.

“पण आज सगळं जग यी म्हणतं, मग तोच उच्चार खरा,” वकील हटेना. “भाषा वापरणाऱ्यांची असते.”

मला हे पटलं नाही. जुनेपणाचा आव आणायला एकोणिसाव्या शतकात अशा पाट्यांची हौस वाढली; त्या हौसेपायी जुन्या माणसांच्या तोंडी त्यांनी कधी न काढलेला उच्चार का घालायचा?

“मग ‘तुम्ही’ या अर्थाचा यी नाहीच का?” बँकवाला हिरमुसला.

आहे ना, मी म्हटलं, आणि तो फार देखणा आहे! यी कर्ता, यू कर्म. १६११ च्या इंग्रजी बायबलात एकाच वाक्यात दोन्ही भेटतात: ‘यी’ सत्य जाणाल, आणि सत्य ‘यू’ना मुक्त करील. एकट्या जवळच्या माणसाला दाऊ, म्हणजे आपला तू. हा दाऊ संस्कृत ‘त्वम्’चा भाऊबंद, यी ‘यूयम्’चा. पुढे यू कर्त्याच्या जागीही बसला, आदरार्थी होत होत दाऊलाही त्याने हटवलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची माणसं मात्र न्यायाधीशालाही दाऊच म्हणत राहिली.

“कोर्टात? मोठी हिंमत!” वकील पहिल्यांदाच खूश झाला.

“आणि यी मेलेला नाही,” मास्तर म्हणाले. “आयर्लंडमध्ये चार मित्रांना उद्देशून बोलताना आजही कित्येकजण यीच म्हणतात.”

“पाटीवर मात्र मी यीच वाचणार,” वकील म्हणाला.