गुडघ्यातला गॅस

जेवणानंतर एखादा तृप्तीचा ढेकर आला, तर त्याचं कुणाला काही नसतं; वाढणाऱ्या बाईंना उलट बरंच वाटतं. माझे ढेकर जेवणाची वाट बघत नाहीत. चहाआधी येतात, लिफ्टमध्ये येतात, आणि मीटिंगमध्ये साहेबांनी 'कुणाला काही शंका?' विचारलं की हमखास येतात.

सल्ल्यांना तोटा नाही. आई ओवा-सैंधव हातावर ठेवते. शेजारचे नाना खायचा सोडा घालून लिंबूपाणी पाजतात. सोडा आम्लाला भेटला की कार्बन डायऑक्साइड होतो, तो दणक्यात वर येतो आणि नाना विजयी मुद्रेने म्हणतात, "बघ, केवढा गॅस साठला होता!" अहो नाना, तो तुम्हीच आत्ता पाजलात.

पण या विषयातला शेवटचा शब्द मावशीचा. तिच्या मते गॅस अंगभर हिंडतो आणि तिचा गुडघ्यात अडकतो. मालिका बघता बघता ती गुडघा दाबते, ढेकर. पोटरी दाबते, ढेकर. मी दाबून पाहिलं तर काही नाही. "तुझ्या हाताला गुण नाही रे!" वर चरकाचा दाखला: उद्गार, म्हणजे ढेकर, अडवू नये. खरंय, न अडवायच्या १३ वेगांत, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाकांत, ढेकर आहे. पण गुडघा दाबून त्याला बोलावून आणा, असं चरकाने कुठे म्हटलंय?

शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. वजन उतरलंय का, गिळताना अडकतं का, शौचाला काळं होतं का, सगळ्याला 'नाही' म्हटल्यावर त्यांनी एकदम मुलाच्या अ‍ॅडमिशनचा विषय काढला. मी डोनेशनवर तावातावाने बोलत सुटलो. थांबलो तेव्हा ते हसत होते.

"एवढ्या वेळात एकही ढेकर नाही. झोपेत येतात?"

"छे, झोपेत हे फक्त घोरतात," ही म्हणाली.

त्यांनी सांगितलं ते असं: ही हवा पोटातली नव्हेच. अस्वस्थ वाटलं की मी नकळत ती अन्ननलिकेत ओढतो आणि पोटापर्यंत जाऊ न देता तिथूनच परत पाठवतो. म्हणजे मोकळं होण्यासाठी मी आधी भरून घेत होतो! सोड्याच्या बाटल्या, च्युइंगगम आणि भराभर गिळणं बंद. ढेकर येतोयसं वाटलं की तोंड किंचित उघडं, जीभ वरच्या दातांमागे आणि श्वास छातीने नव्हे, पोटाने, सावकाश.

उपाय लागू पडतो. फक्त मीटिंगमध्ये आ वासून बसलो की शेजारचा विचारतो, "दाढ दुखतेय का?"

मावशीलाही शिकवलं. पोटावर हात ठेवून, डोळे मिटून तिने मनोभावे श्वास घेतले. ढेकर खरंच थांबले.

"बरं वाटतंय?"

"कसलं बरं? सगळा गॅस आता दुसऱ्या गुडघ्यात गेला की रे!"