स्टुडिओ संपले म्हणे! जरा हिशोब बघू

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, तुमच्यापैकी बहुतेकांना आली असेलच. सारांश असा की आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे त्यामुळे स्टुडिओ, डिस्ट्रिब्युटर, थिएटर कोणाचीच गरज उरली नाही, मध्ये दलाल नाही, कमाई पूर्ण तुमची, मालक तुम्हीच, फिल्म इंडस्ट्री पाच वर्षांत खल्लास, आणि पुरावा हवा असेल तर ऑस्करसुद्धा यूट्यूबवर चाललंय. मी स्वतः ऑनलाइन व्हिडिओ एडिट करून पोट भरतो, त्यामुळे हे सगळं खरं निघालं तर मला आनंदच आहे. पण यातलं बरंचसं चुकीचं आहे आणि जे बरोबर आहे ते अर्धवट सांगितलंय.

आधी कॅमेरा. इथे हमखास 'टँजरीन'चं नाव येतं, शॉन बेकरची 2015 ची फिल्म, आयफोन 5एस वर शूट केलेली. खरंय. पण त्या फोनला रुंद फ्रेमसाठी वेगळी लेन्स लावली होती, शॉट हलू नये म्हणून स्टेडीकॅम होता, साउंड वेगळ्या प्रोफेशनल सामानावर घेतला होता आणि बजेट साधारण 1 लाख डॉलर होतं. म्हणजे फोनमुळे वाचलं ते कॅमेऱ्याचं भाडं, बाकी खर्च जिथल्या तिथे. आणि प्रेक्षकांपर्यंत ती कशी गेली? सनडान्स फेस्टिव्हल, मग डिस्ट्रिब्युटर, मग थिएटर. नेहमीचाच रस्ता.

साउंडवरून आठवलं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. एडिटला जे फुटेज येतं त्यात चित्र एकदम चकाचक फोर-के असतं आणि आवाज ऐकावा तर एसीची घरघर, कॉलरच्या माइकवर शर्ट घासतोय, आणि ज्या वाक्यावर सगळा सीन उभा आहे तेच वाक्य गिळलंय. चित्र थोडं खरबरीत असेल तर लोक स्टाइल समजून चालवून घेतात हो, पण बोलणं कळलं नाही की गेले पुढच्या व्हिडिओवर. खिशात कॅमेरा आला पण साउंडवाला काही खिशात आला नाही.

आता 'दलाल नाही, कमाई पूर्ण तुमची'. हे तर धादांत चूक. यूट्यूबवर लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के क्रिएटरला मिळतात, 45 कंपनी ठेवते, आणि शॉर्ट्समध्ये तर क्रिएटरचा वाटा 45 वर येतो. तेही जाहिरातीचे पैसे सुरू होण्यासाठी आधी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तासांचा वॉचटाइम पाहिजे, नाहीतर शॉर्ट्सच्या व्ह्यूजची वेगळी अट. डिस्ट्रिब्युटर कितीही खडूस असला तरी कधीकधी हातात ॲडव्हान्स ठेवतो, इथे व्हिडिओ बनवायचा सगळा खर्च तुमचा, रिस्क तुमची, आणि वाटा मात्र पहिल्या दिवसापासून त्यांचा. वर बॅकग्राउंडला कुणाचं गाणं वाजलं आणि कॉपीराइट क्लेम आला की त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते.

आणि 'मालक तुम्ही' म्हणजे नक्की कशाचे? इथे मी पोस्टला अर्धे मार्क देतो. व्हिडिओचे हक्क तुमच्याकडेच राहतात, स्टुडिओ जसं सगळं लिहून घेतो तसं प्लॅटफॉर्म घेत नाही, ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण व्हिडिओ कसा असावा हे ठरवतं कोण? 2020 मध्ये यूट्यूबने व्हिडिओच्या मध्ये जाहिरात टाकण्यासाठी लागणारी किमान लांबी 10 मिनिटांवरून 8 वर आणली आणि बघता बघता साडेसहा मिनिटांत संपणारी गोष्ट 8 मिनिटं 5 सेकंदांपर्यंत ताणायची फर्माइश यायला लागली. मग तो रिटेन्शनचा ग्राफ. कुठल्या सेकंदाला किती लोक सटकले ते स्पष्ट दिसतं. पात्र दार उघडून आत येतं, काही न बोलता बसतं, नुसता चेहरा दिसतो, तिथे ग्राफ खाली जातो आणि क्लायंटचा मेसेज येतो, हे उडव. उडवतो मी, काय करणार. पूर्वी प्रोड्युसर केबिनमध्ये बसून म्हणायचा सीन स्लो आहे, त्याच्याशी निदान भांडता यायचं.

'इंडस्ट्री खल्लास' म्हणणाऱ्यांनी जरा बघावं की यूट्यूबवर नाव कमावलेली माणसं पुढे जातात कुठे. डेव्हिड सँडबर्गची अडीच-तीन मिनिटांची हॉरर शॉर्टफिल्म ऑनलाइन गाजली आणि 2016 मध्ये त्याच कल्पनेवरची 'लाइट्स आउट' थिएटरला आली, स्टुडिओच्या पैशावर. रॅकारॅका चॅनलवाले फिलिपू बंधू, त्यांची 'टॉक टू मी' 2023 मध्ये सनडान्सला दाखवली गेली आणि अमेरिकेत ए24 या फिल्म कंपनीने रिलीज केली. फेडे अल्वारेझची 2009 ची छोटी फिल्म यूट्यूबवर बघून हॉलिवूडने त्याला उचललं आणि 2013 ला त्याचा 'इव्हिल डेड' आला. हे लोक इंडस्ट्री संपवायला नाही, इंडस्ट्रीत शिरायला आले होते, आणि इंडस्ट्रीनेही फुकटात टॅलेंट शोधून घेतलं, कारण प्रेक्षकाला काय भिडतं याची टेस्ट यांनी स्वतःच्या खर्चाने आधीच करून ठेवली होती.

यावर लगेच मार्किप्लायर या यूट्यूबरचं नाव येईल, यायलाच पाहिजे. 'आयर्न लंग' ही फिल्म त्याने स्वतःच्या पैशाने बनवली, स्वतः डायरेक्ट केली, त्यात कामही केलं, आणि जानेवारी 2026 मध्ये स्टुडिओशिवाय रिलीज केली, पहिल्याच वीकेंडला खर्च कितीतरी पटीने वसूल. इथे स्टुडिओची गरज पडली नाही हे शंभर टक्के मान्य. पण रिलीज कुठे केली? थिएटरमध्येच ना! कोट्यवधी सबस्क्रायबर असलेला माणूस चॅनलवर फुकट टाकून मोकळा होऊ शकला असता, तरी त्याने तिकीट लावलं, कारण एका तिकिटामागे जे सुटतं ते एका व्ह्यूमागे सुटत नाही. शिवाय 2012 पासून जमवलेला प्रेक्षक होता पाठीशी. काल चॅनल उघडलेल्या पोराला हे उदाहरण देणं म्हणजे त्याच्या हातात कर्ज देणं आहे.

ऑस्करचं म्हणाल तर 2029 पासून सोहळा यूट्यूबवर दिसणार हे खरंय, 2033 पर्यंतचा करार आहे. पण करार ऑस्कर देणारी अकॅडमी आणि यूट्यूब या गूगलच्या कंपनीचा आहे, इतकी वर्षं टीव्ही चॅनलशी होता तसाच. त्यातून तुमच्या शॉर्टफिल्मला नॉमिनेशनचा शॉर्टकट मिळत नाही.

तरी ज्यांचा चॅनल चालतोय त्यांना कधीतरी स्टुडिओचा फोन येईलच, तेव्हा ती पोस्ट डोक्यात ठेवून फोन आपटू नका आणि हुरळून सहीही करू नका. वकील लावा. सिक्वेलचे आणि पात्रांचे हक्क कुणाकडे जाणार, एडिटवर शेवटचा शब्द कुणाचा, आणि आधीचे व्हिडिओ चॅनलवर ठेवता येणार का, एवढं लेखी घेतल्याशिवाय पुढचं बोलूच नका.